बिमल रॉय यांचा ‘देवदास’ कसा पाहावा

‘देवदास’ न पाहिलेल्या माणसालाही देवदास ठाऊक असतो, आणि हा चित्रपट पाहण्यातली पहिली अडचण हीच आहे. प्रेमभंग झाला, हातात बाटली आली, खोकत खोकत प्राण गेला, एवढे कथानक आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की पडद्यावर प्रत्यक्षात काय चालले आहे, इकडे लक्षच जात नाही. १९५५ साली बिमल रॉय यांनी दिग्दर्शित केलेला ‘देवदास’ ज्यांना पहिल्यांदा, किंवा पुष्कळ वर्षांनी पुन्हा, नीट पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातल्या बहुतेक सूचना एका सूचनेतून निघालेल्या आहेत : दारूवर नजर खिळवून बसण्यापेक्षा कोण कोणत्या क्षणी निर्णय घेतो आणि कोण तो टाळतो, याचा माग ठेवावा. चित्रपटाचा बराच भाग उलटेपर्यंत देवदासच्या ओठांना दारू लागलेली नसते, पण त्याचे नुकसान तोपर्यंत होऊन गेलेले असते.

आधी कोणता ‘देवदास’

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ही बंगाली कादंबरी तरुणपणीच लिहिली आणि ती १९१७ साली पुस्तकरूपाने आली. १९२८ साली तिच्यावर मूकपट निघाला. त्यानंतर कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी १९३५च्या सुमारास ती बंगालीत आणि हिंदीत पडद्यावर आणली. बंगालीत देवदासची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि हिंदीत कुंदनलाल सैगल यांनी. १९५३ साली अक्किनेनी नागेश्वर राव यांचा तेलुगू आणि तमिळ ‘देवदासु’ आला, २००२ साली संजय लीला भन्साळी यांचा भव्य रंगीत अवतार आला, आणि २००९ साली अनुराग कश्यप यांनी तीच गोष्ट पंजाब आणि दिल्लीत आणून ठेवली.

या सगळ्यांत १९५५चा चित्रपट आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बरुआंच्या चित्रपटाचे छायाचित्रण खुद्द बिमल रॉय यांनी केले होते, म्हणजे हे कथानक त्यांनी दिग्दर्शनाला घेण्याच्या वीस वर्षे आधीच कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिले होते. मधल्या काळात शरच्चंद्रांच्या ‘परिणीता’ आणि ‘बिराज बहू’ या दोन कथा त्यांनी हिंदी पडद्यावर आणल्या होत्या. ‘देवदास’ त्यांनी बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. जुन्या चित्रपटाची आठवण आणि नव्या अभिनयाची समज अशा दोन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या. शिवाय पटकथा नबेंदु घोष यांची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे, छायाचित्रण कमल बोस यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी यांचे, गीते साहिर लुधियानवी यांची आणि संगीत सचिन देव बर्मन यांचे. ही नावे श्रेयनामावलीत धावत जातात. ती वाचण्यासाठी हवे तर चित्रपट क्षणभर थांबवावा, पुढे मात्र थांबवू नये.

पाहण्यापूर्वीची तयारी

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे आणि त्याची गती संथ आहे. मोबाइलच्या पडद्यावर, प्रवासात किंवा तुकड्यातुकड्यांनी पाहिल्यास तो केवळ रडका वाटण्याचा धोका आहे, कारण त्याचा अर्धा आशय संवादांमधल्या जागांत आहे. खोलीत अंधार करावा, शक्य तितका मोठा पडदा घ्यावा आणि त्यातल्या त्यात स्वच्छ प्रत शोधावी. कृष्णधवल छायाचित्रणात सावल्यांना फार काम दिलेले आहे. काळ्याच्या जागी नुसता करडा रंग दिसत असेल तर ती प्रत सोडून द्यावी. एका बैठकीत पाहणे शक्य नसेल तर देवदासची बालमैत्रीण पारो हिच्या लग्नानंतर विश्रांती घ्यावी, कारण तिथून चित्रपटाची जागा, माणसे आणि लय तिन्ही बदलतात.

कादंबरी आधी वाचायची की नंतर, या वादात फारसे तथ्य नाही. ती छोटी आहे आणि केव्हाही वाचता येते. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी वाचकाच्या घरचेच झाले आहेत, त्यामुळे बंगाली वातावरणाची ओळख नव्याने करून घ्यावी लागत नाही. दोन सामाजिक बाबी मात्र माहीत असलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे देवदास आणि पारो यांच्या लग्नाला जातीची सरळ आडकाठी नाही. दोन्ही घरे ब्राह्मणांचीच आहेत. देवदासचे घर जमीनदाराचे, पारोचे त्या मानाने साधे. तिच्या घराण्यात मुलीच्या लग्नात पैसे घेण्याची चाल, आणि त्यातून ती शेजारचीच मुलगी. एवढ्या कारणांनी देवदासच्या, म्हणजे मुखर्जींच्या, घरातून नकार येतो. हा अपमान किती खोल आहे हे समजले नाही तर पारोचे पुढचे सगळे वागणे नुसते हट्टी वाटते.

दुसरी बाब पारोच्या नवऱ्याची. भुवन चौधरी हा मोठी मुले असलेला बिजवर जमीनदार आहे, आणि मराठी प्रेक्षकाला इथे देवलांची ‘शारदा’ आठवणे अगदी साहजिक आहे. ती आठवण बाजूला ठेवावी. पारो त्या घरात बिचारी म्हणून राहत नाही. सावत्र मुलांना ती जिंकून घेते, स्वतःचे दागिने त्यांना देऊन टाकते, घराचा कारभार हातात घेते. तिचे दुःख त्या कारभाराखाली दडलेले आहे आणि सुचित्रा सेन यांनी ते फार थोड्या वेळा वर येऊ दिले आहे. हा त्यांचा पहिला हिंदी चित्रपट होता. त्यांच्या हिंदी उच्चारांतला बंगाली वळसा काहींना खटकतो, पण या भूमिकेला तो शोभून दिसतो.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा रात्रीच्या भेटीची. लग्नाची बोलणी फिसकटल्यावर पारो मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत येते. त्या काळच्या मुलीने याहून मोठे पाऊल टाकणे शक्य नव्हते, कारण कुणी पाहिले असते तर तिला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती आपले सर्वस्व पणाला लावून आलेली आहे, आणि त्याला आधी सुचते ते लोक काय म्हणतील आणि आई-वडील काय म्हणतील हे. या प्रसंगी पारोच्या शब्दांपेक्षा देवदासच्या हालचालींकडे पाहावे. देवदास झालेले दिलीपकुमार आवाज चढवत नाहीत. नजर देऊन पुन्हा काढून घेतात, वाक्य सुरू करून सोडून देतात. प्रेम आहे हे उघड दिसते, त्यामुळे त्याचा कचखाऊपणा अधिकच टोचतो. वडिलांसमोर त्याचे काही चालत नाही, तो कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पारोला पत्र लिहितो की आपल्या मनात तिच्याबद्दल तसे काही नव्हतेच. पत्र गेल्यावर तो पस्तावतो. हा क्रम, म्हणजे आधी पळ काढायचा, मग खोटे बोलायचे आणि मग पश्चात्ताप करायचा, लक्षात ठेवावा. पुढे दारूच्या बाबतीतही तो याच क्रमाने वागतो.

दुसरी जागा पाणवठ्यावरची. देवदास परत येतो तेव्हा पारोचे लग्न ठरलेले असते. आता तो मागणी घालायला तयार आहे, पण तिचा स्वाभिमान जागा झालेला आहे. तुम्हांला आई-वडील आहेत तसे मलाही आहेत, असा तिचा एकूण सूर असतो. बोलण्यात हरल्यावर तो हातातल्या काठीने तिच्या कपाळावर वार करतो आणि रक्त येते. या प्रसंगाला प्रेमाची खूण म्हणून डोळे मिटून मान डोलावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि पारो स्वतःही ती जखम तशीच जपते. आजच्या प्रेक्षकाने मात्र तो प्रसंग जसा आहे तसा, म्हणजे हिंसा म्हणून पाहावा. ज्याला वडिलांपुढे शब्द काढता आला नाही, त्याचा हात आपल्याहून दुबळ्या माणसावर उठतो, एवढे त्यात स्वच्छ दिसते. दिग्दर्शकाने त्याला माफ करण्याची घाई केलेली नाही. आपणही करू नये.

तिसरी जागा चंद्रमुखी या तवायफेच्या कोठीवरची. देवदासचा मित्र चुन्नीबाबू त्याला तिथे घेऊन जातो. मोतीलाल यांनी हा चुन्नीबाबू असा काही सहज उभा केला आहे की त्याचा राग येत नाही. मनमिळाऊ, हसतमुख, पैशाला सढळ, आणि नेमका म्हणूनच घातक. देवदास चंद्रमुखीचा तिरस्कार करतो, पैसे टाकून निघून जातो, आणि त्या तिरस्कारानेच ती हलते. आजवर आलेल्या पुरुषांपैकी कुणाला तिच्या धंद्याची एवढी शिसारी वाटलेली नसते. इथून पुढे चित्रपटात ठाम निर्णय घेणारे माणूस एकच, आणि ते म्हणजे चंद्रमुखी. ती धंदा सोडते, दागिने सोडते, गावी जाऊन राहते, आणि देवदासचा पत्ता लागेनासा झाल्यावर त्याला शोधायला परत कलकत्त्याला येते. वैजयंतीमाला यांना या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला, कारण आपली भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रपट पाहून झाल्यावर हे म्हणणे तपासून पाहावे. मला ते रास्त वाटते.

याच दोन स्त्रियांची एक भेट चित्रपटात आहे आणि ती नजरेतून निसटू देऊ नये. पारोची पालखी एका बाजूने येते, चंद्रमुखी समोरून पायी चालत येते. दोघींची नजरानजर होते, क्षणभर दोघीही थबकल्यासारख्या होतात, आणि आपापल्या वाटेने पुढे जातात. संवाद नाही, ओळख नाही. एकाच पुरुषाशी आपण बांधलेल्या आहोत हे त्यांना कळायला काही मार्गही नाही. फक्त पार्श्वसंगीत आणि दोन चेहरे. या जागी पाणी प्यायला उठलेल्या प्रेक्षकाने चित्रपटातला एक सर्वांत उत्तम प्रसंग गमावला, असे खुशाल समजावे.

दारू कशी पाहावी

मराठी मनाला दारूची शोकांतिका म्हटली की गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवतो, आणि तुलना करायचीच तर ती उपयोगाची आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात दारू हाच खलनायक आहे. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, मानी आहे. सनदेवर गदा येते, तळीराम प्याला पुढे करतो, आणि तिथून एकेक पायरी खाली उतरत त्याचे घर उद्ध्वस्त होते. पहिला प्याला टळला असता तर सिंधू वाचली असती, हा त्या नाटकाचा युक्तिवाद आहे. ‘देवदास’ हा युक्तिवाद करत नाही. दारू टळली असती तरी या माणसाचे काय झाले असते, याची खात्री चित्रपट देत नाही. सोसवावे म्हणून आपण पीत नाही, नुसता श्वास घेता यावा म्हणून पितो, अशा अर्थाचे देवदासचे वाक्य अजरामर झाले ते बेदींच्या लेखणीमुळे आणि दिलीपकुमारांच्या थकलेल्या स्वरामुळे. पण ते वाक्य टाळ्या घेण्यासाठी तोडून पाहिले की त्यातला आजार दिसेनासा होतो. व्यसनी माणूस स्वतःच्या पिण्याला किती सुंदर कारण देऊ शकतो, याचा तो नमुना आहे.

व्यसनाचे तपशील या चित्रपटात बरेच खरे आहेत आणि ते शोधत पाहण्यासारखे आहेत. आधी दारूबद्दल तिटकारा, मग विसरण्यासाठी एखादा घोट, मग ती नसली तर हात थरथरणे, मग पैशाची उधळपट्टी, मग भावाकडून आणि घराकडून तुटणे. नझीर हुसेन यांचा धर्मदास हा जुना नोकर या सगळ्याचा साक्षीदार आहे. तो रडतो, विनवतो, आणि तरीही मालकाला सोडत नाही. व्यसनी माणसाच्या घरातल्या माणसांचे वागणे कसे असते, हे ज्यांना जवळून माहीत आहे त्यांना धर्मदास फार ओळखीचा वाटेल. चंद्रमुखी देवदासला रस्त्यावर बेशुद्ध पडलेला पाहते, उचलून घरी नेते आणि त्याची शुश्रूषा करते, तेव्हा तो बराही होतो. बरा होणे त्याला अशक्य नाही, ही गोष्ट दिग्दर्शक आवर्जून दाखवतो.

म्हणूनच आगगाडीचा प्रवास हा चित्रपटाचा खरा कळसाचा भाग आहे, शेवटी पारोसमोर बंद होणारा दरवाजा नव्हे. डॉक्टरांनी जिवाचा धोका सांगितलेला आहे, देवदासने दारू सोडलेली आहे, धर्मदास त्याला घेऊन हवापालटासाठी गावोगाव फिरतो आहे. चाके फिरत राहतात, एकेक शहर मागे पडत जाते, आणि कुठेही उतरून राहावे असे या माणसाला वाटत नाही. त्यात चुन्नीबाबू अचानक भेटतो. जुना मित्र भेटल्याचा आनंद खरा आहे, प्याला पुढे करणाऱ्याच्या मनात कपट नाही, आणि देवदास जे करतो ते जाणूनबुजून करतो. सुटलेली दारू पुन्हा सुरू होते ती बहुधा अशीच, शत्रूच्या नव्हे तर स्नेह्याच्या हातून. हा प्रसंग पाहताना मोतीलाल यांच्या चेहऱ्यावरचे हसू किती वेळ टिकते, ते बघावे. सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दिलीपकुमार यांना प्रमुख अभिनेत्याचा, दोन्ही योग्यच.

घरात सध्या कुणी व्यसनाशी झगडत असेल तर हा चित्रपट त्या व्यक्तीला धडा म्हणून दाखवू नये. देवदासचे दुःख इतके देखणे आहे की त्यातून धाकापेक्षा मोहच अधिक निर्माण होतो. खुद्द शरच्चंद्रांनी कादंबरीच्या शेवटी वाचकाकडे अशा अभाग्यासाठी थोडी प्रार्थना मागितली आहे. त्याचे अनुकरण कुणी करावे, असे त्यांनी सुचवलेले नाही.

गाणी वगळू नयेत

गाणी पुढे ढकलत पाहण्याची सवय इथे आवरावी, कारण कोण गातो आणि कोण गात नाही यालाही अर्थ आहे. देवदासला तलत महमूद यांचा कापरा स्वर मिळाला आहे. ‘मितवा’ आणि ‘किसको खबर थी’ या दोन्ही गाण्यांत तो स्वर मोठा होत नाही, जणू स्वतःशीच बोलतो. चंद्रमुखीसाठी लता मंगेशकर गातात. मन्ना डे आणि गीता दत्त यांची ‘आन मिलो’ सारखी पदे वाटेवरच्या गायकांच्या तोंडी आहेत. पडद्यावर ते गायक आपले नाना पळशीकर आणि दुलारी आहेत. आणि मोठ्या झालेल्या पारोच्या ओठांवर एकही गाणे नाही. तिच्या मनातला विरह दुसरेच कुणीतरी, रस्त्याने जाता जाता, राधेच्या नावाने गाऊन जाते आणि ती ऐकत उभी राहते. नायिकेला गाणे न देण्याचे हे धाडस १९५५ सालच्या हिंदी चित्रपटात सोपे नव्हते.

शेवट, आणि त्यानंतर काय पाहावे

मरण्यापूर्वी एकदा तुझ्या दारी येईन, हे वचन देवदासने पारोला दिलेले असते आणि आयुष्यात पाळलेला त्याचा हा बहुधा एकच शब्द. झोपलेल्या धर्मदासला गाडीत सोडून तो उतरतो, बैलगाडीने पारोच्या सासरच्या गावी पोहोचतो आणि वाड्याबाहेर झाडाखाली प्राण सोडतो. आतून पारो धावत सुटते आणि दरवाजा बंद होतो. या वेळी देवदासऐवजी पारोकडे पाहावे. सबंध चित्रपटात घराण्याची मर्यादा राखत आलेली ही बाई पहिल्यांदाच भर दिवसा, सगळ्यांसमोर, ती मर्यादा मोडायला निघालेली आहे.

२००२चा चित्रपट त्यानंतर निदान आठवडाभराने पाहावा. त्यात देवदास कलकत्त्याऐवजी लंडनहून परततो, पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात, आणि नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभारलेले वाडे माणसांना झाकून टाकतात की खुलवतात, हे ज्याचे त्याने ठरवावे. पालखीचा मूक प्रसंग आणि ‘डोला रे’ ही दोन टोके पाठोपाठ ठेवून पाहिली तर दोन दिग्दर्शकांचा स्वभाव एका तासात समजतो. २००९चा ‘देव डी’ सगळ्यांत शेवटी घ्यावा. त्यातला नायक मरत नाही, आणि हा बदल पटतो की नाही, हा प्रश्न मूळ गोष्ट पचल्याशिवाय विचारता येत नाही.

मंडळात किंवा महाविद्यालयात हा चित्रपट दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी आणि चर्चेसाठी अर्धा तास राखून ठेवावा. देवदास चांगला की वाईट, असा प्रश्न टाकला की चर्चा पाच मिनिटांत संपते. त्याऐवजी त्या रात्री पारोला त्याने काय उत्तर द्यायला हवे होते, आणि ते दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय घडले असते, हे विचारावे. मंडळी मग आपापल्या घरांविषयी बोलू लागतात.

सैगलांची गाणी, विशेषतः ‘बालम आये बसो मोरे मन में’, ऐकायची ती हे सगळे झाल्यावर. ती आधी ऐकली तर तलतचा स्वर पातळ वाटतो, आणि दिलीपकुमारांच्या देवदासला तोच स्वर हवा होता, हे मग कानाला पटत नाही.